उजवीकडून हाक मारू नये

सुखदेव मारबतेला उजवीकडून हाक मारायची नाही, हे आता चंद्रपूरकडच्या आमच्या मूल गावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायांनाही ठाऊक आहे. मधली दोन वर्षं मात्र ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती. एक तो आणि एक मी. त्या दोन वर्षांत लोकांनी त्याला गर्विष्ठ ठरवलं. नाव झालं, पुण्या-हैदराबादला वाजवून आला, आता ओळख देत नाही, असं माझ्या दुकानात बसून माझ्यासमोर बोलायचे. मी वायर सोलत गप्प बसायचो. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला गप्प बसणं किती जड गेलं असेल, ते मला ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावं.

माझं साऊंड सर्व्हिसचं दुकान. लग्न, गणपती, शारदोत्सव, पुढाऱ्यांच्या सभा, जे येईल ते. बावीस वर्षं लोकांचा आवाज मोठा करून देण्यावर पोट भरतो आहे. त्यात ऐकायला लावेल असा माणूस एकच भेटला, आणि त्याचाच कान गेला. त्यात माझाही हात आहे. हे शेवटी सांगण्यापेक्षा आधीच सांगून टाकलेलं बरं.

सुखदेव दिसायला काडीपैलवान. केस कमरेपर्यंत, आणि त्या केसांना त्याची आई कौसाबाई रोज सकाळी ओट्यावर बसवून तेल चोपडायची. तिशी ओलांडलेला, हातावर कवट्या गोंदलेला हा माणूस डोळे मिटून मुकाट बसायचा. स्टेजवर डोकं घुसळायला लागला की ते तेल पहिल्या रांगेतल्या पोरांच्या अंगावर उडायचं. पायात कायम स्लीपर, कारण गिटारचा आवाज बदलणारं पेडल तो पायाच्या अंगठ्यानं दाबायचा. बुटात अंगठ्याला काही कळत नाही म्हणायचा. कार्यक्रमाआधी बाकीचे वादक बोटं मोडत, आरशात बघत असायचे, तेव्हा हा कोपऱ्यात बसून मासळीचं जाळं विणायचा. घरून अर्धवट जाळं पिशवीत घालून आणायचा. बोटं गरम होतात आणि आईचं कामही होतं, दोन्ही एकात.

त्याचं गाव मूलच्या पुढं, सिंदेवाहीच्या वाटेवर, जुन्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. बाप लवकर गेला. मायलेक तलावात मासे धरायचे, पावसाळ्यात दुसऱ्याच्या धानात रोवणीला जायचे, उन्हाळ्यात जंगलात बिडीसाठीचा तेंदूपत्ता तोडायचे. तिकडं मासे धरायची एक रीत आहे. जाळं अर्धगोल लावायचं आणि दुसऱ्या बाजूनं डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, फळी बडवत यायचं. मासा आवाजापासून लांब पळतो आणि नेमका जाळ्यात शिरतो. फळी बडवायचं काम वयाच्या सहाव्या वर्षापासून सुखदेवकडं. पुढं मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या एका गावात दुर्गापूजेला गेला, तिथं इलेक्ट्रिक गिटार पाहिली, आणि परत आला तो तीच जुनी, एक तार नसलेली गिटार पाठीला बांधून. सहाव्या तारेच्या जागी पहिले सहा महिने मासळीच्या गळाची तार होती.

मी एकदा विचारलं, "अरे, हे इंग्रजी धडामधूम तुला कुठून लागलं?"

"इंग्रजी कशाचं गा भाऊ? तलावात बडवत होतो तेच हाय. फक्त मासे समोर उभे राहून नाचून राह्यले."

पोटासाठी तो गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. एका मंडळात भक्तिगीत चाललं होतं. मधे चार ओळींची जागा मिळाली आणि सुखदेवनं अशी काही गिटार फाडली की आरतीचं तबक धरलेल्या बाई दोन पावलं मागं सरकल्या. मंडळाचे अध्यक्ष तडक माझ्या मिक्सरपाशी आले. "त्याचा आवाज कमी करा." मी बटण खाली ओढलं. सुखदेवनं वाजवता वाजवता मान वळवली आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी ते परत वर ढकललं. पुढच्या खुर्च्यांवरचे सगळे म्हातारे उठून गेले आणि रस्त्यावरची पोरं आत घुसली. अध्यक्षांनी मला पुढची तीन वर्षं बोलावलं नाही. मी चिडून त्याला म्हटलं, तुझ्यापायी माझा गणपती गेला. तर म्हणतो, "आवाज कमी करू नोको दिलीपभाऊ. मानसं कमी कर."

हे त्याचं वाक्य पुढं त्यांच्या बँडच्या पोरांनी टीशर्टवर छापलं. बँडचं नाव रानडुक्कर. नितीन नावाचा ड्रमर चंद्रपूरच्या कोळसा खाणीत नोकरीला होता, त्यानं हे नाव ऐकून कपाळाला हात लावला होता. सुखदेव म्हणाला, "ते धानात घुसते तवा कोनाले विचारते का? मंग." नाव पक्कं झालं. गाणी झाडी बोलीत, कोळशाच्या धुळीवर, तलावावर, रात्रभर मचाणावर जागणाऱ्या माणसावर. पुण्यात एकालाही शब्द कळत नसे, तरी पोरं छाती फुटेस्तोवर ओरडायची. नागपूरच्या कॉलेजांपासून सुरुवात झाली आणि दहा-बारा वर्षांत मूलच्या तलावाकाठचा हा माणूस देशातल्या हेवी मेटलवाल्यांच्या तोंडी बसला. त्याच्यासारखं वाजवण्यासाठी पोरं स्लीपर घालून स्टेजवर जायला लागली.

एवढी सगळी वर्षं तो उभा राहायचा ती जागा ठरलेली होती. ड्रमच्या डाव्या हाताला, इतका जवळ की नितीनची मोठी पितळी झांज त्याच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर. त्यात माझा मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचं वाजवलेलं ऐकू यावं म्हणून त्याच्या पायाशी ठेवतात तो स्पीकर. दोन असायचे, एक उजवा, एक डावा. मी कानात घालायचे बोळे आणून दिले होते. त्यानं ते गळाला बांधून तरंगते केले आणि मासे धरले. "नाकाले चिमटा लावून जेवते का कोनी?" असं वर मलाच विचारलं. दर कार्यक्रमात तो मधेच उजव्या कानाच्या पाळीला हात लावायचा आणि पंजा वर करायचा. उजवा वाढव. मी वाढवायचो. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा पंजा वर. मी पुन्हा वाढवायचो. धंद्यातला माणूस मी, एकाच बाजूचा आवाज दरवेळी का वाढवून मागतो एवढा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. पडलाही होता. पण समोर दोन हजार पोरं नाचत असताना असले प्रश्न मी खिशात ठेवून द्यायचो.

एके दुपारी चंद्रपूरच्या एका सभागृहात आम्ही संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी करत होतो. तो एकटाच स्टेजवर वाजवून बघत होता. माझ्या लक्षात आलं की उजव्या मॉनिटरची वायर निघालेली आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं कानाच्या पाळीला हात लावला आणि पंजा वर केला. का कोण जाणे, मी बोललो नाही. बंद पडलेल्या स्पीकरचं बटण मी वर ढकललं. त्यानं दोन सूर छेडले, मान डोलावली आणि ओरडला, "बस! आता बराबर!"

मी डावा मॉनिटर बंद करून पाहिला. त्याचा हात तारेवर जागच्या जागी थांबला.

मागच्या गल्लीत त्याला गाठलं. "कधीपासून?"

तो भिंतीला उजवा खांदा टेकवून उभा राहिला. तेव्हा मला समजलं की गेलं वर्षभर तो असाच उभा राहतो आहे, टपरीवरही कोपऱ्यातलीच जागा धरतो, चालताना मला कायम डाव्या बाजूला घेतो. "उजवा गेला," तो म्हणाला. "डावा अर्ध्या वाटेवर हाय. नागपूरच्या डॉक्टरनं मशीन लावून पाह्यलं. वाजवनं बंद करा म्हनते, नाई तं हाबी जाईन म्हनते."

"मग?"

"मंग का? तो डॉक्टर हाय. त्याले तसंच म्हना लागते."

"सुखदेव, उद्या तुला आईचा आवाज ऐकू येणार नाही."

त्यानं भिंतीचा टेका सोडला. मग माझा हात धरला आणि गिटारच्या पेटीवर दाबला. "कोनाले सांगजो नोको. ना नितीनले, ना बुढ्या मायले. माह्या आईची आन घे."

मी घेतली. त्याच्यावरच्या मायेनं घेतली असं सांगायला मला आवडेल. पण पोटात दुसरंही होतं. रानडुक्कर थांबलं असतं तर मी पुन्हा लग्नातल्या मंगलाष्टकांवर आलो असतो.

पुढची दोन वर्षं मी प्रत्येक कार्यक्रम श्वास रोखून केला. तो चुकायचा नाही. नितीनच्या काठीकडं बघून ताल पकडायचा, जमिनीतून अंगठ्याला येणारी थरथर ओळखायचा. कुणी उजवीकडून बोललं की हसून मान हलवायचा, आणि ते बोलणं होकाराचं नसलं की घोटाळे व्हायचे. ते मी निस्तरायचो. एकदा हैदराबादला मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, तुमचा आवडता वादक कोण? हा हसत म्हणाला, "जेवन झालं." सगळे खो खो हसले, विक्षिप्त कलावंत म्हणून टाळ्याही पडल्या. मी मिक्सरमागं घामानं निथळत होतो.

अशात ते पत्र आलं. परदेशातला एक मोठा बँड भारतात यायचा होता, आठ शहरांत, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्या आधी रानडुक्कर वाजवणार. नितीननं खाणीतली नोकरी सोडली. बँडचा आवाज लावायला मी जाणार होतो. मूलचा साऊंडवाला एवढ्या मोठ्या मिक्सरवर बसणार, हे मी बायकोला चार वेळा सांगितलं. सुखदेवची सही तेवढी राहिली होती. आठ शहरांनंतर डाव्या कानाचं काय होईल, हा प्रश्न आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारला नाही.

सहीसाठी मी कागद घेऊन त्याच्या गावी गेलो. मे महिना, तेंदूपत्त्याचे दिवस. उजाडतंय तोवर कौसाबाई डोक्याला फडकं बांधून निघाली होती, आणि सुखदेव तिच्या मागं. त्या भागात आठवडाभर वाघ फिरत होता, एकट्या-दुकट्यानं जाऊ नका असं वनखात्याचा माणूस सांगून गेला होता. म्हणून आईला एकटं सोडायला हा तयार नव्हता.

"सही आल्यावर करतो," तो म्हणाला. "चाल तू बी. शहरातल्या हवेनं पोट सुटलं तुह्यं."

पंधरा-सोळा माणसं होतो. जंगलाच्या तोंडाशी कौसाबाईनं मला थांबवलं. बाई पाच फूटसुद्धा नसेल, पण तिच्या आवाजाला पाळीपलीकडचे लोक वळायचे.

"हे पाह्य भाऊ. पत्ता तोडता तोडता सारे हाका देत राह्यतेत, हूऽऽ म्हनून. आपुनबी द्याचा. एकापाठी एक तीन हाका आल्या का समजाचं, जनावर दिसलं. मंग पत्ता टाकाचा आन हाकेकडं याचं. पळाचं नाई, एकट्यानं थांबाचं नाई. हाकेकडं याचं बस."

जंगलात ती माणसं वाघाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणतात.

पहिला तासभर सगळं नीट चाललं. खुडलेल्या पानांचा वास, पाठीवर ऊन, आणि अधूनमधून इकडून तिकडून हूऽऽ. मी सुखदेवकडं बघत होतो. तो आईच्या उजवीकडं दहा हातांवर राहून पत्ता तोडत होता, म्हणजे आई त्याच्या डाव्या हाताला. हाक आली की तो आधी आईच्या तोंडाकडं बघायचा आणि मग आपली हाक द्यायचा. मला बरं वाटलं, आणि थोडं कौतुकही. मग चांगल्या पानांची एक झुडपांची ओळ लागली आणि तो तोडता तोडता पुढं सरकत गेला. आई पाठीमागं राहिली.

चितळ ओरडलं. पाठोपाठ माकडं. आणि नाल्याकडून एका बाईच्या तीन हाका आल्या, एकापाठी एक.

सगळे धावले. मीही धावलो. नाल्याच्या अलीकडच्या मोकळ्या खडकावर माणसं पाठीला पाठ लावून उभी राहिली. हाक देणारी बाई बोट दाखवत होती. समोर साठ-सत्तर पावलांवर बांबूचं दाट बेट होतं, त्यात तिला ते दिसलं होतं. कौसाबाईनं माणसं मोजली.

"सुखा?"

तो त्या बेटाकडं चालला होता. पाठ आमच्याकडं, केसांचा तेलकट शेपटा हलतोय, आणि पावलं झपाझप.

"सुखाऽऽ!" कौसाबाई ओरडली. सगळे ओरडले. पंधरा माणसांच्या नरड्याचा जोर. त्यानं मान किंचित उचलली, म्हणजे ऐकलं. आणि आणखी घाईनं बांबूकडं निघाला.

"येडा झाला का हा? तिकडं काऊन चालला?" कुणीतरी म्हणालं, आणि आणखी जोरात हाका सुरू झाल्या.

तिथं उभं राहून मला जे दिसत होतं ते बाकी कुणालाच दिसत नव्हतं. एक कान गेलेल्या माणसाला आवाज कुठूनही आला तरी चांगल्या कानाकडूनच आल्यासारखा वाटतो. पहिली हाक आली तेव्हा त्याच्या डावीकडं बांबूचं बेट होतं. तो नियम पाळत होता. जीव वाचवायला हाकेकडं चालला होता. आम्ही जितकं ओरडत होतो तितकं त्याला पुढं ढकलत होतो.

मला हे सगळं पहिल्या क्षणालाच कळलं. आणि तरी मी बोललो नाही. त्याच्या आईची आन, नितीनची सोडलेली नोकरी, माझ्या पाठीवरच्या पिशवीतला तो कागद, हे सगळं तेवढ्यात माझ्या डोक्यातून गेलं. किती वेळ, ते सांगता येत नाही. पण तेवढ्यात तो दहा-बारा पावलं पुढं गेला होता. त्या पावलांची मला आजही लाज वाटते.

"गप्प बसा!" मी किंचाळलो. "सगळे गप्प बसा! त्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही. हाक कुठून येते ते कळत नाही त्याला. आपण ओरडतोय म्हणून तो तिकडं चाललाय!"

बावीस वर्षं आवाज वाढवणाऱ्या माझ्या तोंडून हे निघालं. क्षणात सगळं बंद झालं. माकडं तेवढी वरून ओरडत राहिली.

आवाज थांबला तसा तोही थांबला. बेटापासून वीसेक पावलांवर. त्यानं डावीकडं पाहिलं, समोर पाहिलं. त्याला आता एकही हाक ऐकू येत नव्हती आणि काय करावं ते कळत नव्हतं. एवढ्या मोठ्या स्टेजवर बेफिकीर उभा राहणारा तो माणूस तिथं हातात पानांचा जुडगा धरून हरवलेल्या लेकरासारखा उभा होता.

कौसाबाईनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग डोक्यावरचं फडकं सोडून खाली टाकलं आणि चालायला लागली. कुणीतरी तिचा पदर धरला, तिनं सोडवून घेतला. "हाकेकडं याचं" हा नियम तिनंच मला सांगितला होता. आता ती हाक न देता निघाली होती. सरळ त्याच्या पाठीकडं नाही गेली. डावीकडून वळसा घेतला, बांबूच्या कडेकडेनं, जिथून ती त्याच्या नजरेला पडेल. म्हणजे ती आणि बेट यांच्यात तीन-चार हातांचं अंतर. बांबूत आत कुठंतरी वाळला पाला दबल्याचा आवाज झाला. मी जन्मभर आवाज ओळखण्याचं काम केलंय. तो वाऱ्याचा नव्हता.

सुखदेवला ती दिसली. ती त्याच्यापर्यंत गेली, त्याचं मनगट धरलं, आणि दोघं पाठमोरे, म्हणजे तोंड बांबूकडं ठेवून, एकेक पाऊल मागं येत राहिले. कितीतरी वेळ लागला. ते खडकावर पोचल्यावर बेटाच्या पलीकडच्या अंगाला गवत हललं, त्यात पिवळं-काळं काहीतरी लांबत गेलं आणि नाला उतरून दिसेनासं झालं. एक म्हातारा मटकन खाली बसला.

घरी येईपर्यंत कौसाबाईनं त्याचं मनगट सोडलं नाही. अंगणात सुखदेवला ओट्यावर बसवलं, रोज तेल लावायला बसवायची तसंच. त्याच्या मागं, उजव्या अंगाला उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "सुखा."

तो समोर बघत होता.

"सुखा, पानी पाह्यजे का?"

तो समोरच बघत होता. मी मान खाली घातली.

"दोन-तीन वर्सं झाले," ती माझ्याकडं बघून म्हणाली, "चुलीपासून याले हाका मारून राह्यली. चूल या बाजूले हाय ना. तं हा पाहेच ना. मले वाटे, मोठा मानूस झाला माहा लेक. आता मायची हाक जड जाते त्याले." आणि मग ती रडली. बांबूच्या कडेनं चालताना जिच्या डोळ्याचं पातं हललं नव्हतं, ती बाई तिथं ओट्याला धरून रडली.

सुखदेव मागं वळला आणि तिला रडताना बघून त्याला कळलं, मी गुपित फोडलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आईची आन मोडली तू."

"आन माही होती ना?" कौसाबाई त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "माह्या नावाची आन मी सोडवली. त्याले बोलू नोको." मग पदरानं तोंड पुसून मला म्हणाली, "पन सांगाले लय उशीर केला बापा तू."



कागदावर सही झाली नाही. नितीनला सुखदेवनं स्वतः सांगितलं, फोन डाव्या कानाला लावून, दोन वाक्यांत. नागपूरचा एक चांगला गिटारवाला त्याच्या घरी येऊन दहा दिवस राहिला आणि सुखदेवनं आपलं एकूणएक गाणं त्याच्या बोटांत उतरवलं, ओट्यावर बसून, अ‍ॅम्प न लावता. दौऱ्यावर मी जाणार नाही म्हणालो तर सुखदेवनं निरोप पाठवला, समोर आला नाही. जा म्हणावं, आपला आवाज लावणारा आपला माणूस पाहिजे तिथं. मी गेलो. मोठ्या मिक्सरवर बसलो आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. पहिल्याच कार्यक्रमात नव्या पोरानं कानाला हात लावून पंजा वर केला. मी बटणाला हात लावला नाही. स्टेजवर जाऊन त्याच्या दोन्ही कानांत बोळे घातले आणि झांजेपासून त्याला सहा पावलं लांब उभं केलं. पोरगा मला म्हातारा म्हणाला.

परत आल्यावरही महिनाभर मी त्याच्या गावाकडं गेलो नाही. धीर होत नव्हता. दिवाळीच्या पुढं एका दुपारी गेलो. घराला कडी होती. तलावाच्या पाळीवर चढलो तर पलीकडं डोंगा दिसला. कौसाबाई एका टोकाला बसून जाळं सोडवत होती. दुसऱ्या टोकाला सुखदेव. हातात ती मुलचेऱ्याची जुनी गिटार, वायर नाही, अ‍ॅम्प नाही. गिटारच्या लाकडाचं वरचं टोक त्यानं डाव्या जबड्याला घट्ट दाबून धरलं होतं आणि बोटं तारांवर पूर्वीसारखीच पळत होती. पाळीवर मला एक सूरही ऐकू येत नव्हता. पाण्यावर बगळे निवांत बसलेले होते.

मी त्याच्या उजव्या अंगाला होतो. तोंडाशी हात नेला आणि खाली घेतला. मग पाळीवरून चालत निघालो, सगळा तलाव फिरून डावीकडं. बरंच लांब आहे ते, त्यात माझं पोट. अर्ध्या वाटेत कौसाबाईनं मला पाहिलं होतं, पण तिनंही हाक दिली नाही. त्याच्या नजरेसमोर आलो तेव्हा घामाघूम झालो होतो.

तो मला बघतच होता. डोंगा काठाला लागला. त्यानं पाय आखडून मला जागा केली, गिटार माझ्याकडं सरकवली आणि तिचं टोक माझ्या जबड्याला टेकवलं. मग वाकून तारा छेडल्या. माझ्या दातांतून, गालाच्या हाडातून रानडुक्करचं पहिलं गाणं धडधडत आत आलं. एवढ्या वर्षांत माझ्या एकाही स्पीकरनं ते इतकं जवळून ऐकवलं नव्हतं.

"आयकू येते का?" त्यानं विचारलं.

"येते," मी म्हणालो.

त्याला ते ऐकू गेलं नाही. मी डोंग्यात सरकून त्याच्या डाव्या कानाशी गेलो आणि पुन्हा सांगितलं.